पाझर तलाव फुटला तर खाली काय होईल? : खानापूर (जि. सांगली) तालुक्यातल्या एका मातीच्या बांधाच्या नोंदी, फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२४

आमच्या गावचा पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळी कामातला. माझ्या आजीनं याच बांधावर मातीच्या पाट्या टाकल्या. मी डिप्लोमा सिव्हिल, पंधरा वर्षं रस्त्याच्या कामांवर सुपरवायझर होतो, आता गावात द्राक्षबाग बघतो. धरणातला माणूस नाही. आम्ही चौघांनी मिळून या तलावाची तपासणी केली आणि त्याचा धोका-वर्ग, म्हणजे तो फुटला तर खाली किती हानी होईल याचा वर्ग, काढला. तसा तलाव गावोगाव आहे, म्हणून चुकांसकट सगळं लिहून ठेवतोय.

११ फेब्रुवारी, रविवार

सुरुवातीचं कारण सांडव्यावरची, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवरची, पोती. गेल्या साली पाऊस दगा देऊन गेला, तालुका दुष्काळी यादीत गेला. टेंभू उपसा सिंचन योजनेचं आवर्तन (पाण्याची पाळी) सुटलं तेव्हा तलावात जास्त पाणी अडावं म्हणून सांडव्यावर मुरमाची पोती रचून वरनं सिमेंटचा गिलावा केलाय. उंची दोन फूट. आज बघितलं तर पाणी पोत्यांच्या कडेला टेकलेलं.

पूर्वी हा तलाव मार्चपर्यंत कोरडा पडायचा. आता टेंभूमुळं उन्हाळ्यातही भरलेला असतो. पाणी आलं याचा आनंद आहेच, माझी बाग त्यावरच उभी आहे. पण बारमाही भरलेला बांध आणि चार महिने भिजणारा बांध यांत फरक आहे, आणि तो फरक कुणी तपासलेला नाही.

डोक्यात तिवरे होतं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं ते मातीचं धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी झोपेत वाहून गेली. ते कोयनेएवढं धरण नव्हतं, लघु पाटबंधाऱ्याचंच होतं.

१८ फेब्रुवारी

पूर्ण दिवस वाया. बांधाची लांबी २१० मीटर, दर दहा मीटरवर माथ्याची पातळी पाण्याच्या नळीनं घेतली. दुपारपर्यंत बांध जवळजवळ सपाट निघाला, मधे फक्त वीस सेंटिमीटर खाली. पन्नास वर्षांचा मातीचा भराव एवढाच दबलाय यावर विश्वास बसेना. संध्याकाळी नळी उन्हात धरली तर मधोमध बोटभर हवेचा बुडबुडा. सगळी मापं रद्द.

२५ फेब्रुवारी

ओळखीच्या ठेकेदाराकडून डंपी (पातळी मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (मापाची उभी पट्टी) आणला, दिवसाचं भाडं ८०० रुपये. तीन तासांत काम झालं. पहिल्याच रविवारी हे केलं असतं तर आठवडा वाचला असता.

माथा मधोमध, जुन्या ओढ्याच्या पात्रावर, ४५ सेंटिमीटर खाली बसलाय. भराव सगळ्यात उंच तिथंच, म्हणून दबलाही तिथंच जास्त. पाणी बांधावरनं गेलं तर याच खोलगट जागेतनं जाणार, आणि मातीच्या बांधावरनं पाणी गेलं की तो कापत जातो.

सांडव्याची रुंदी १८ मीटर. जुन्या मापानं सांडव्याच्या उंबऱ्यापासून माथा १.३ मीटर वर. रुंद उंबऱ्याचं साधं सूत्र लावलं: विसर्ग = १.७ × रुंदी × खोलीचा दीडावा घात.

मूळ बांधणीत सांडवा सेकंदाला ४५ घनमीटर सोडू शकत होता. माथा दबल्यानं खोली ८५ सेंटिमीटर राहिली, म्हणजे २४ घनमीटर. पोती धरली तर खोली २५ सेंटिमीटर आणि विसर्ग ३.८ घनमीटर.

तीनदा आकडेमोड केली. ४५ चा पावणेचार झालाय. खोली निम्मी झाली की विसर्ग निम्मा होत नाही, एक तृतीयांशाच्या आसपास येतो. गावाला हेच समजावून सांगावं लागणार.

३ मार्च

बांधाच्या खालच्या बाजूला फिरलो. सगळं गवत वाळून पिवळं आणि विमोचकाच्या (तलावातनं पाणी सोडायच्या) पाइपाच्या डाव्या अंगाला अंथरुणाएवढा हिरवागार पट्टा. लव्हाळा. लव्हाळा फुकट उगवत नाही, खाली पाणी लागतं. पाय ठेवला तर टाचेखाली चिखल दबला. त्याच्या खालच्या टोकाला करंगळीएवढी धार होती.

१५ लिटरची बादली लावली, २० सेकंदांत भरली. म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर. मातीचा बांध थोडाफार पाझरतोच, पाझर तलाव तर पाझरण्यासाठीच असतो. खरी भीती पाण्याबरोबर माती निघण्याची. म्हणून पाण्याची रिकामी बाटली त्या धारेखाली भरली आणि घरी खिडकीत ठेवली.

सकाळी बघितलं: वर पाणी नितळ, तळाला अर्धा बोट तांबूस गाळ. पोराला वाटलं मी शाळेच्या प्रयोगाची तयारी करतोय. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

५ मार्च

ही नोंद वाचून कुणी तरी ही चूक टाळावी. आम्ही घाबरून ती धार बुजवली. काळ्या मातीचे गोळे, वर सिमेंटची चार पोती, वरनं दगड. तासाभरात धार बंद. चौघंही निर्धास्त होऊन घरी आलो. खर्च १,७५० रुपये.

८ मार्च

पाणी तीन मीटर वर, बांधाच्या उतारावर निघालं. आधीपेक्षा जास्त गढूळ.

पाण्याला बाहेर यायचंच असतं. तोंड बंद केलं की ते भरावाच्या आत दाब धरून दुसरी वाट काढतं, आणि ती वाट जितकी वर तितका उतार भिजून घसरायची भीती. पाणी येऊ द्यायचं, माती तेवढी रोखायची, हे त्या दिवशी कळलं.

१० मार्च

उलटा फिल्टर. भरलेली माती आणि पोती हातानं हळूहळू काढली, जेसीबी जवळ येऊ दिला नाही. खड्ड्यात आधी धुतलेली जाड वाळू १५ सेंटिमीटर, त्यावर कच (बारीक खडी) तेवढीच, मग २० मिलिमीटर खडी, सगळ्यात वर हातात मावतील असे दगड. प्रत्येक थर खालच्या थराला अडवतो आणि पाणी सोडतो. उतारावर निघालेल्या जागीही तसाच थर, जरा मोठा.

वाळू कमी पडली. क्रश सँड वापरू म्हणून एकानं आणली, पण तिच्यात भुकटी फार, तिनं फिल्टर तुंबला असता. ती परत पाठवली, धुतलेली येईपर्यंत दीड दिवस गेला. साहित्य, ट्रॅक्टर आणि दोन मजूर मिळून ११,४०० रुपये, वर्गणीतनं.

खाली पत्र्याची त्रिकोणी खाच बसवली, गावातल्या फॅब्रिकेशनवाल्यानं ३५० रुपयांत कापून दिली. काटकोनाची खाच, तिच्यातनं पाणी ५ सेंटिमीटर उंच वाहतं तेव्हा सेकंदाला पाऊण लिटर. बादलीशी आकडा जुळला. आता रोज फक्त पट्टी वाचायची. शेजारच्या रकान्यात तलावाची पातळीही लिहायची, नाहीतर पाझर वाढला तो पाणी वाढल्यानं की बांध बिघडल्यानं, कळत नाही.

१४ मार्च

तिसऱ्या दिवशीची बाटली स्वच्छ. चौथ्या दिवशीचीही.

पाणी खाली आणावं म्हणून विमोचकाची झडप उघडायला गेलो, ती हलली नाही. दांडा गंजलेला. किती वर्षांत उघडली नाही हे गावात कुणालाच सांगता आलं नाही. अडचणीच्या वेळी तलाव रिकामा करायचा एकमेव रस्ता तो, आणि तोच बंद. शेवटी तलावावरच्या सात मोटारवाल्यांना विनंती केली, वीज असेल तेवढा वेळ सगळ्यांनी एकदम उपसा करा. पुढच्या अकरा दिवसांत ४५ सेंटिमीटर पातळी उतरली. पाणी बागांनाच गेलं, वाया नाही गेलं.

१८ मार्च

ज्या खात्याचा तलाव त्यांच्या कार्यालयात फोटो, मापं आणि अर्ज दिला. जुना नकाशा सापडला नाही. शनिवारपासून लोकसभेची आचारसंहिता लागलीय, नवीन काम मंजूर होणार नाही असं सांगितलं. पोच घेतली.

तिथंच कळलं की २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात आमचा तलाव बसत नाही. त्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात. १० ते १५ मीटरमधली येतात, पण लांबी ५०० मीटर किंवा साठा दहा लाख घनमीटर अशी काही अट पुरी झाली तर. आमचा बांध ८.८ मीटर, पाया धरला तरी दहाच्या आत. म्हणजे वर्षातनं दोनदा तपासणी करायला कुणी बांधील नाही. फुटला तर पाणी मात्र कायद्याची उंची बघून वाहणार नाही.

२४ मार्च, होळी

निवृत्त उपअभियंता असलेल्या एका साहेबांना वही दाखवली. त्यांनी सगळी पानं शांतपणे उलटली आणि विचारलं, "हे सगळं बांधाचं झालं. खाली माणसं किती झोपतात?"

उत्तर नव्हतं. दीड महिना आम्ही बांधावर होतो, खाली कुणी गेलंच नव्हतं. धोका-वर्ग बांधाच्या तब्येतीवर ठरत नाही. बांध कितीही मजबूत असो, तो फुटलाच तर खाली काय जाईल यावर वर्ग ठरतो. जीवितहानी संभवत नाही आणि नुकसान फक्त रानाचं, तर कमी. माणसं वाचतात पण रस्ता, पाणीपुरवठा, घरंदारं जातात, तर लक्षणीय. एकाही माणसाचा जीव जाण्याची शक्यता असेल, तर उच्च. केंद्रीय जल आयोगानं यावर २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यातही भर खालच्या वस्तीवर आणि परिणामांवरच आहे.

दुपारी ओढ्यानं चालत गेलो. बांधापासून ९०० मीटरवर वस्ती, अकरा घरं. मोजली तर ३१ माणसं. साहेबांना फोन केला, ते म्हणाले रात्री जा.

होळी पेटवून नऊ वाजता परत गेलो. घरांत ५३ माणसं. दिवसा रानात, विट्याला कामावर, कॉलेजला गेलेली सगळी आता घरी होती. आणि घरांच्या खाली, अगदी ओढ्याच्या पात्रात, ऊसतोड टोळीच्या चौदा कोप्या, म्हणजे झोपड्या. पाणी जवळ, जागा सपाट, कुणाचं रान नाही म्हणून दरसाल तिथंच. ६२ माणसं, त्यातली २३ पोरं. एका कोपीत सहा दिवसांचं बाळ होतं. मुकादम म्हणाले, "आठ दिवसांत पट्टा पडतोय, मग गावाकडं बीडला जातोय." पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं.

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ती टोळी तिथं असते. त्याच काळात तलाव पूर्वी उतरत यायचा, आता टेंभूनं भरलेला असतो. हे दोन्ही एकत्र कधी कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. त्या रात्री वहीत फक्त ५३ + ६२ लिहिलं आणि वही मिटली.

३१ मार्च

मोठी चूक, आणि ती चारचौघांत झाली.

जुन्या कागदावर साठा '६.३६' एवढाच लिहिलेला, एकक नाही. मी दशलक्ष घनमीटर धरला. बांध फुटल्यावर जास्तीत जास्त किती पाणी सुटेल यासाठी फ्रोलिक यांचं १९९५ चं सूत्र वापरलं: ०.६०७ × साठ्याचा ०.२९५ वा घात × पाण्याच्या खोलीचा १.२४ वा घात. खोली ७.५ मीटर. उत्तर सेकंदाला ७५० घनमीटर. मारुतीच्या देवळात माणसं जमली होती, मी तो आकडा सांगून टाकला. वस्तीवरची एक माउली त्या रात्री पोरांना घेऊन माहेरी गेली.

३ एप्रिल

आकडा मनाला पटेना. नकाशावर पाण्याचा पसारा मोजला, ७.२ हेक्टर. ६.३६ दशलक्ष घनमीटर एवढ्या जागेत मावायचं तर सरासरी खोली ८८ मीटर लागेल! कागदावरचा आकडा दशलक्ष घनफुटांचा होता. जुन्या कागदांत दलघफू असतं, नव्या कागदांत दलघमी किंवा सहस्र घनमीटर. ३५ पटींचा फरक.

ताळा असा करायचा: पसारा गुणिले जास्तीत जास्त खोली, भागिले तीन. ७२,००० × ७.५ ÷ ३ = १ लाख ८० हजार घनमीटर. आणि ६.३६ दलघफू म्हणजेही तेवढंच. हा ताळा आधी केला असता तर त्या माउलीला रात्री गाव सोडावं लागलं नसतं.

नवा आकडा सेकंदाला २६२ घनमीटर. पोत्यांसकट भरलेला असेल तर ३०७. परत देवळात जाऊन सगळ्यांसमोर चूक कबूल केली. एकानं विचारलं, "मग आता कोणचा आकडा खरा मानायचा?" कागद, पसारा, गुणाकार, सगळं फळ्यावर मांडलं. दोन तास गेले. ते दोन तास देणं लागत होतो.

१४ एप्रिल

वस्तीपाशी ओढ्याचा छेद घेतला. पुरात पाणी पसरेल ती रुंदी ४० मीटर, उतार हजारात आठ. २६२ घनमीटर तिथनं जायचं तर पाणी सव्वादोन मीटर खोल आणि वेग सेकंदाला ३ मीटर. नऊशे मीटर यायला पाच मिनिटं.

अकरापैकी सात घरांचे उंबरे या पातळीच्या खाली. कोप्यांच्या डोक्यावरनं पाणी जाईल. त्यापुढं फरशी पूल, आणि गावच्या पिण्याच्या पाण्याची विहीर ओढ्यालगतच.

हिशोब ठोकळ आहे. पण पाच मिनिटांचे सात झाले तरी वर्ग बदलत नाही. वहीत लिहिलं: धोका-वर्ग उच्च. चौघांच्या सह्या.

१२ मे

निवडणूक आटोपली, आता पोत्यांचा प्रश्न. पोती आबांनी पुढाकार घेऊन रचलेली. आबा माझ्या वडिलांच्या वयाचे, १९७२ ला याच बांधावर रोजगारानं होते. त्यांचं म्हणणं खोटं नाही. दोन फूट पाणी म्हणजे ७.२ हेक्टरवर निदान ४३ हजार घनमीटर, चार कोटी लिटरच्या वर. दुष्काळात त्यानं बागा जगल्या. माझी पण.

"आबा, पाणी गेलं तर टेंभूचं परत येईल," मी म्हणालो.

"आन् टेंभूचं नाय आलं तर? तू देणार हायस?"

त्या दिवशी काही ठरलं नाही. मी पोती काढा म्हणत होतो, त्या बदल्यात काय हे सांगत नव्हतो. ती माझी उणीव.

१९ मे

आबांना घेऊन वस्तीवर गेलो. घराच्या भिंतीवर सव्वादोन मीटरवर खडूनं रेघ मारली. आबांनी हात वर केला, रेघ हाताला लागेना. वस्तीवरच्या काकू म्हणाल्या, "आबा, आमी खाली ऱ्हातो, ध्येनात असू द्या." आबा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच माणसं लावली. अट एक: पाण्याची भरपाई गाळ काढून. वरच्या टोकाला गाळ साचलाय, पाणी उतरल्यावर ती जागा उघडी पडते. गाळमुक्त धरण योजनेतनं अर्ज केला. पोती काढायला दोन दिवस, ट्रॅक्टरसह ४,२०० रुपये. गिलाव्याखाली मूळ दगडी उंबरा शाबूत निघाला.

२ जून

बांधावरच्या बाभळी आणि सुबाभळी जमिनीलगत कापल्या. जेसीबीनं मुळासकट उपटायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. भरल्या तलावावर तसं करू नका, मुळाच्या जागी भगदाड पडतं. घुशींची नऊ बिळं सापडली, खणून ओली माती थराथरानं धुमसानं ठोकली. माथ्याची खोलगट जागा भरायची परवानगी आलेली नाही, ती तशीच.

१६ जून

इशाऱ्याची तालीम. बांधाजवळच्या मळ्यातल्या पोरानं वस्तीवर फोन करायचा, वस्तीनं देवळाच्या भोंग्यावरनं गावाला कळवायचं. पहिल्या तालमीत फोन लागलाच नाही, मळ्यात रेंज नाही. दुसऱ्या वेळी बांधावरनं बॅटरीचा उजेड तीनदा दाखवला, काकूंच्या अंगणातनं तो दिसला. सगळी माणसं वरच्या खळ्यावर जायला नऊ मिनिटं लागली. पाणी पाच मिनिटांत येणार. म्हणजे फुटल्यावर इशारा देऊन भागणार नाही. ठरवलं: पाझराचं पाणी गढूळ दिसलं, किंवा सांडव्यावर पाणी ४० सेंटिमीटर चढलं, की त्याच वेळी वस्ती रिकामी करायची. बांध पुढं टिकला तरी चालेल, रात्र खळ्यावर काढायची.

तिसऱ्या तालमीत साडेसहा मिनिटं. एका आजींना उचलून न्यायला खाट तयार ठेवल्यानं अडीच मिनिटं वाचली.

४ ऑगस्ट

रात्री जोराचा पाऊस झाला. दोन वाजता बांधावर गेलो. सांडव्यावर पाणी २२ सेंटिमीटर. खोलगट जागेपासून पाणी ६३ सेंटिमीटर खाली. पोती असती तर उरली असती ३ सेंटिमीटर.

आबा माझ्या आधी येऊन उभे होते, घोंगडं पांघरून. बॅटरी मारून पट्टी बघितली आणि म्हणाले, "बावीस." मग खाली जाऊन आम्ही दोघांनी बाटली भरली. पाणी स्वच्छ.

१५ ऑगस्ट

ग्रामसभेत नोंद वाचली आणि ठराव झाला: तलाव उच्च धोका-वर्गाचा समजून दरसाल पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, झडपेची दुरुस्ती, माथा भरून पूर्ववत. खात्याला प्रत पाठवली.

आतापर्यंतचा खर्च २३,९०० रुपये, रविवार चोवीस. झडप अजून गंजलेलीच आहे.

पाझराची रोजची पट्टी काकू वाचतात, वही त्यांच्या दाराच्या खिळ्याला. कोप्यांसाठी आबांनी वरच्या अंगाचं आपलं पड रान दिलंय, तिथवर पाण्याची पाइप नोव्हेंबरच्या आत न्यायची आहे. ३४० फूट लागते, २०० जमलीय. मुकादमांशी काल बोललो. बाळ बरं आहे, टोळी दिवाळीनंतर येतेय.